पंपाची चोरी आणि अमेरिकेतला न्याय

वकिलाच्या अंगणात माझ्या बापाला भर दुपारी उकिडवं बसवलं होतं. शर्ट काढायला लावून. सगळ्या गावासमोर.

गाव पेणजवळचं. वकिलाच्या शेतावरचा पाण्याचा पंप चोरीला गेला होता. हवालदार दुसरीकडे कुठे गेलाच नाही, सरळ आम्हा कातकऱ्यांच्या वाडीत आला. शोध इतरांचा घेतात. आम्हाला नुसतं उचलतात.

बाप म्हणाला, "मी नाय नेला, सायेब."

वकील झोपाळ्यावर सुपारी कातरत होता. पक्षाचा पुढारीही तोच. हवालदाराला म्हणाला, "यांच्या रक्तातच आहे. घेऊन जा."

मी सातवीत होते. आईने माझे डोळे झाकले नाहीत. म्हणाली, "बघ गो. नीट बघून ठेव."

बाप चौकीतून परतला तेव्हा त्याला उजव्या हाताने घास उचलता येत नव्हता. पुढे पंप सापडला. वकिलाच्या पुतण्यानेच तो रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या भंगारवाल्याला विकला होता. तक्रार गुपचूप मागे घेतली. पोराचं वय आहे, चुकतं कधीकधी, असं गावात सांगितलं गेलं. आम्ही केली तर चोरी. त्यांनी केली तर चूक. बापाची माफी मागायला कुणी वाडीत फिरकलं नाही.

मी रोह्याच्या कॉलेजात असताना हाच वकील व्याख्यानाला आला. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आला होता. विषय, तिथला गुन्हा आणि शिक्षा. बोलला छान. तिथे पोलीस आधी कातडीचा रंग बघतात म्हणाला. कडक शिक्षेच्या गोष्टी करून पुढारी मतं मिळवतात. ज्याला वकील परवडत नाही तो न केलेला गुन्हाही कबूल करतो. आणि वर नीती शिकवतात ती गरिबालाच. सगळं खरं. बोलता बोलता रुमालाने डोळे पुसले त्याने. एवढा दयाळू माणूस, आणि दया यायला त्याला विमानात बसावं लागलं!

प्राचार्य म्हणाले, प्रश्न विचारा. मी उठले.

"पंप तुमच्या पुतण्याने विकला. त्याला काय शिक्षा झाली?"

वकील हसला. "विषय अमेरिकेचा आहे, बेटा."

"माझा बाप पेणचा हाय," मी म्हटलं. "मार त्याने खाल्ला."

प्राचार्यांनी मला खाली बसायला सांगितलं. मी बसले नाही. वकीलच आधी उठून गेला.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. हुशार मुलगी आहे, माझ्या ऑफिसात लावून घेतो. तोंड बंद करायची त्यांची ही सभ्य रीत. मी सांगितलं, तुमच्या दारात मी येणार नाही.

पुढे कायदा शिकले. आता पेणच्या कोर्टात उभी राहते. वाडीतल्या कुणाला उचललं की मी चौकीत जाऊन बसते. दया मागत नाही. पुरावा मागते. तो नसेल तर आमचं माणूस सोबत घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. हलणारही नाही.