साहेब अधिवेशनात आहेत

"बाबा, हिराबाईच्या शेताकडे जाणारी वाट तुम्ही कधीपासून बघताय?" मी विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले धर्माबाबा वळून कोर्टाच्या दाराकडे बघू लागले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी पनवेल कोर्टात वकिली करत होतो आणि आमदारही होतो. हिराबाई जवळच्या आपटा गावची, विधवा. शेजाऱ्याने तारेचं कुंपण घालून तिची शेतावर जायची वाट बंद केली होती. आमचा दावा वहिवाटीचा. म्हणजे ती वाट वीस वर्षांहून जास्त काळ, उघडपणे, कुणी न अडवता वापरली हे सिद्ध करायचं. तेवढं जुनं सांगेल असा गावात एकच माणूस उरला होता, धर्माबाबा. वय ऐंशीच्या पुढे, पण वाटेवरचं झाड न् झाड तोंडपाठ.

तीनदा ते एसटीने आले. तीनदा माझ्या ज्युनिअरने अर्ज दिला, 'वकीलसाहेब अधिवेशनात आहेत, पुढील तारीख मिळावी.' आमदाराच्या अर्जाला कोण नाही म्हणणार? दोनदा ते खरं होतं. तिसऱ्यांदा मी सुकापूरला एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची फीत कापत होतो. अर्जावर सही माझीच.

चौथ्या तारखेला मी हजर. मधल्या काळात बाबांना विसर पडायला लागला होता. हिराबाईने तसं सांगितलंही होतं. 'उभे राहिले की आठवेल,' म्हणून मी तिला गप्प केलं.

"वाट, बाबा," मी पुन्हा म्हणालो.

जजसाहेब पुढे झुकले. "आजोबा, घाबरू नका. हे तुमचे वकील ना?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "वकील नाय आले. सायेब अधिवेशनात हायेत. आमी पुढल्या तारखेला येतो."

समोरचा वकील हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी "नो फर्दर क्वेश्चन्स" म्हणून खाली बसलो.

पुढे निकालाच्या दिवशी दावा फेटाळला गेला. बाहेर हिराबाई म्हणाली, "त्यांच्यावर रागावू नका सायेब. दर तारखेला मीच समजवायची त्यांना, सायेब आपल्याच कामाला गेलेत."

मला तिच्याकडे बघवलं नाही. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

म्हाताऱ्या साक्षीदाराची साक्ष आधी उरकावी, हे आम्हाला वकिलीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. पुढच्या निवडणुकीत हिराबाईने मलाच मत दिलं, तिनेच तसं सांगितलं. शेतावरून केंद्रावर ती त्या कुंपणाला वळसा घालून आली होती.