भट्टीला वहिनींचा लेप

प्रयोगशाळेत त्या इंजिनिअर बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा सख्खा धाकटा दीर तिथेच कॅमेऱ्यांवर कामाला. तो हाक मारायचा, म्हणून मोठ्या साहेबांसकट सगळ्यांनी तेच नातं लावून घेतलं. पाठीमागचं नाव मात्र वेगळं. फुंकर!

त्याचं असं झालं. अणू जोडून ऊर्जा काढायच्या संलयन भट्टीत प्लाझ्मा, म्हणजे पेटता वायू, तापला की आतल्या भिंती घाण ओकतात आणि त्या घाणीने प्लाझ्मा मलूल होतो. मग भट्टी बंद करा, भिंतींना बोरॉनचा लेप द्या, पुन्हा चालू करा. कामाचे दिवस पाण्यात. वहिनी म्हणाल्या, "बंद कशाला? पेटत्या प्लाझ्मातच वरून बोरॉनची भुकटी भुरभुरवू. तोच नेऊन भिंतीला लावेल." पहिल्याच खेपेला थरथरत्या पन्हळीतून भुकटी भसकन कोसळली आणि प्लाझ्मा गपकन विझला. झाली बाई फुंकर!

वहिनींनी पन्हळ नवी केली. पण भुकटी ज्या वरच्या खिडकीतून पडायची, तीच दिराला कॅमेऱ्यासाठी हवी होती. घरी जेवताना रोज तेच.

"वहिनी, खिडकी कधी सोडताय?"

"आधी पानातलं संपवा, भावजी."

नवरा बिचारा ताटात डोकं खुपसून बसे. बायकोची बाजू घ्यावी तर भाऊ रुसणार, आणि भावाची घ्यायची छाती कुणाची होती!

शेवटी साहेबांनी सांगून टाकलं: एक सकाळ वहिनींची. फरक दिसला नाही, तर दुपारी खिडकी कॅमेऱ्याला.

त्या सकाळी भुकटी पिठासारखी बारीक पडत राहिली. प्लाझ्मा विझला नाही, पण उजळेनाही. शॉटमागून शॉट झाले, प्लाझ्मा पुन्हा पुन्हा पेटवून पाहिला, तरी पडद्यावरची घाणीची रेघ काही हलेना. दीर तर पाना घेऊनच उभा.

"संपलं ना, वहिनी?" साहेब म्हणाले.

"आणखी एक शॉट द्या. भुकटीशिवाय."

"अहो, मग त्यात तुमचं काय?"

"काही नाही. तेच बघायचंय."

त्यांनी पन्हळ बंद केली आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. "नीट बघून घ्या, भावजी. नाहीतर रात्री म्हणाल, वहिनींनी चिमूटभर टाकलीच!"

प्लाझ्मा पेटला आणि घाणीची रेघ धपकन खाली आली. इतका वेळ पडती भुकटीच त्या रेघेत घाण म्हणून मोजली जात होती आणि थोडी ऊबही खात होती. लेप मात्र गुपचूप बसत होता. आता प्लाझ्मा असा तळपला, की त्याला धरून ठेवणाऱ्या चुंबकांचा वेळ संपला तरी तो थकला नव्हता. खोलीत एकच आरडाओरडा! साहेब खुर्चीवरून उठून ओरडत होते, "पुन्हा! पुन्हा लावा!" पुन्हा लावला, तर पुन्हा तेच. फुंकर हे नाव तिथल्या तिथे मेलं.

दिराने पाना खिशात घातला. "घ्या, खिडकी तुमची."

"आणि शेजारची तुम्हाला मी मागून घेते. माझा लेप जगाला दाखवणार कोण, भावजी?"

रात्री नवऱ्याने कधी नव्हे ते ताटातून डोकं वर काढलं. "मग, खिडकी कुणाची ठरली?"

"तुम्ही जेवा हो!" बायको म्हणाली.

"दादा, तू जेव," भाऊ म्हणाला. आणि दोघंही हसत सुटले.