शाळेच्या तुळया चांगल्या निघाल्या

धुळ्याच्या बांधकाम कचेरीत मी कनिष्ठ अभियंता होते, तेव्हा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेचं छप्पर तपासायला मला पाठवलं. छप्पर धोकादायक आहे, हे गावाने आधीच ठरवून टाकलं होतं. जुनं पाडल्याशिवाय नवी स्लॅबची इमारत मिळणार नाही, अशी त्यांची समजूत होती. माझ्याकडून फक्त दुजोरा हवा होता.

शिडीवर चढून मी सागवानी तुळया हातोडीने ठोकत गेले. पोकळ लाकूड बद्द वाजतं. या खणखणीत वाजत होत्या. मग गिरमिटाने बारीक भोकं पाडली. आतून कोरडा, वळलेला कीस आला. वाळवी असती तर मातकट भुगा आला असता. प्रत्येक भोक मी लाकडी खुंटी ठोकून बुजवत होते.

खाली हेडमास्तर आणि सरपंच मान वर करून उभे होते. सरपंचांना सगळे नाना म्हणत.

"बठ्ठं सडेल शे ना, ताई?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. सगळं चांगलं आहे."

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, अजून एखादं भोक पाडून बघा."

पाडलं. तिथंही कीस चांगला. नाना बाहेर ओट्यावर जाऊन बसले. घरातलं लग्न मोडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

शेवटी भिंतीत शिरलेली टोकं राहिली. हेडमास्तरांच्या खोलीत मी गिरमीट तिरकं लावलं, तर ते जोर न लावता मुठीपर्यंत आत गेलं. काळपट, ओला भुगा निघाला. कौलांतून गळणारं पाणी तिथं मुरत होतं.

"हे टोक सडलंय," मी म्हणाले.

"सापडलं, नाना," हेडमास्तरांनी दाराशी जाऊन सांगितलं. परत येऊन त्यांनी वर पाहिलं, मग खाली. त्या टोकाखाली त्यांची खुर्ची होती.

"मी रोज इथंच बसतो," ते म्हणाले.

"आज नका बसू."

त्यांनी खुर्ची स्वतः उचलून व्हरांड्यात नेली. मी गावातून लाकडाची बल्ली मागवून तुळईला टेकू दिला. एक टोक बदलावं, बाकी छप्पर सुस्थितीत आहे, असा अहवाल दिला.

पुढच्या महिन्यात नाना धुळ्याला कचेरीत आले. पाणी प्यायले.

"छप्पर चांगलं शे, मान्य," ते म्हणाले. "पन पोरं व्हरांड्यामा बसतस, त्यानं काय करानं?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी गेले तेव्हा मुलांना सुट्टी होती. "मग खोल्या कमी पडतात म्हणून मागा नाना. लाकडाला कशाला दोष देता?"

त्यांनी तशी मागणी केली. काही वर्षांनी शेजारी दोन खोल्या झाल्या. स्लॅबच्या.