मुळांवरचा गंज

आमच्या दादाला घरात सगळे चिखल्या म्हणत. हे नाव ठेवलं मीच, त्याच्या धाकट्या बहिणीनं. पाणथळ जमिनींचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात तो मदतनीस होता आणि दलदलीत पाइप रोवून चिखलाचे नमुने काढण्यात त्याचा जन्म गेला. नखांतला काळा रंग लग्नाच्या दिवशीही निघाला नव्हता. "वहिनी, तू नवरा केलास की रेडा?" असं मी तेव्हाच विचारून घेतलं होतं.

एरवी घुम्या, पण चिखलाचा विषय निघाला की दादाला आवरणं कठीण. दलदलीत उगवणाऱ्या, उंच गवतासारख्या पाणकणसाचे देठ पोकळ असतात, त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते आणि मुळांभोवतीच्या चिखलातलं लोह गंजतं. तो नारिंगी गंज कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन घट्ट धरून ठेवतो. हवा बंद झाली की गंज विरघळतो, आणि धरलेलं सुटून जातं.

"म्हणजे गंजलेलं लोखंड सोडत नाही म्हण," मी म्हणायचे. "मग तुझी सायकल तुला या जन्मी सोडायची नाही."

केंद्रामागे पाण्यातल्या फळीच्या वाटेला लागून वहिनीनं पाणकणसं लावली होती. पुढे ती आजारी पडली आणि औषधांनी तिचे केस गळू लागले. कंगव्यातला गुंतवळ ती तिथे नेऊन मुळांपाशी चिखलात दाबायची.

"हे काय भलतंच?" दादा चिडला.

"का? केसांत कार्बन नसतो? तुमच्या त्या गंजाला सांगा, हिला सोडू नकोस म्हणावं."

ती गेली. दादा रोज संध्याकाळी फळीवर जाऊन बसे. मधूनच एखादं मूळ उपटून बघे, आणि ते नारिंगी निघालं की त्या दिवशी घरी पोटभर जेवे. शिकल्यासवरल्या माणसांत वावरलेला माझा भाऊ, त्याचा जीव त्या मुळांत अडकलेला. मी सगळ्या जगाची टिंगल केली, याची नाही केली.

यंदा त्याची लेक माहेरी आली. मी दादाला डोळे तपासायला घेऊन गेले होते, तेवढ्यात पोरीनं विळा घेतला आणि वाळकी, झुकलेली सगळी पाणकणसं पाण्याखालून, पार बुडाशी कापली. आईची जागा नीटनेटकी दिसावी, एवढाच तिचा हेतू. कापलेल्या देठांत पाणी भरलं, म्हणजे मुळांची हवा बंद. हे कळायला दादाला एक नजर पुरली.

"बाबा, छान दिसतंय ना?"

दादानं फळीचा कठडा धरला. "हो गं. तुझ्या आईला पसारा खपायचाच नाही."

ती परत गेली. दादा कोंबांची वाट बघत राहिला. कोंब आले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर एक मूळ उपटलं. करडं, बुळबुळीत, नारिंगीचा ठिपकासुद्धा नाही. ते तळहातावर घेऊन तो कितीतरी वेळ बोटानं चाचपत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. फुटली का हो पाणकणसं, तिनं विचारलं.

"फुटली ना," दादा म्हणाला. "पहिल्यापेक्षा दाट."

फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "तिला सांगू नकोस हं, कधीच."

घरी आल्यावर मी ताट वाढलं. दादा जेवला नाही.