उजवीकडे कललेलं स्टिअरिंग

पारोळ्याच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि स्टिअरिंगचा रॉड वाकला. जळगावच्या मिस्त्रींनी तो बदलून दिला. गाडी चालायला लागली, पण सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडे कललेलं. ते सरळ धरावं, तर गाडी डावीकडे, कडेला उभ्या केळीच्या ट्रकांच्या अंगावर जायची.

"सवय होऊन जाईल, ताई," मिस्त्री म्हणाले.

सवय कशाला करून घ्यायची? जळगावहून धुळ्याच्या नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन हीच गाडी चालवते मी, आणि ती वाकडी चालवायची हौस मला नाही.

घरी वेगळंच. माझे मोठे दीर, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते, माझ्याशी थेट बोलत नाहीत. जेठ आणि भावजय, आमच्याकडे तशी रीतच. लेकी बोले सुने लागे या चालीवर ते आमच्या अहिराणीत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी सरळ शे. तिना हात वाकडा शे. सोमवारपासून तिले एसटीनी जाऊ दे." नवरा ताटातली डाळ भातात कालवत बसला. मला त्या दोघांचाही सारखाच राग आला. गाडी शिकले तेव्हाही हेच, दिवसाउजेडी एकटी धुळ्याला निघाले तेव्हाही हेच. आता एक रॉड काय वाकला, माझी किल्ली काढून घ्यायला निमित्त मिळालं.

शनिवारी मी पुन्हा गॅरेजात. मिस्त्री म्हणाले, "स्टिअरिंग काढतो आणि दांड्यावर एक दाता सरकवून बसवतो. दिसायला सरळ होईल." मी साफ नाही म्हटलं. दिसायला सरळ नको होतं मला. तसं केलं की एका बाजूला वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, आणि खालचा दोष तसाच राहतो. चाकांकडचे दोन्ही रॉड जुळवा म्हटलं, आणि उन्हात स्टूल ओढून समोरच बसले.

मिस्त्री सीटवर बसले, स्टिअरिंग मधोमध आणलं, आणि मला दिसलं की ते पुन्हा उजवीकडेच झुकलंय.

"मधोमध कशावरून ठरवता?"

"बाप्पावरून. तुमचा बाप्पा स्टिअरिंगसमोरच आहे ना!"

होता खरा. नव्या गाडीच्या पूजेला घरातले थोरले म्हणून बाप्पाची मूर्ती भाऊंनी चिकटवली होती, डॅशबोर्डवर चालकासमोर, पण स्वतः शेजारच्या सीटवर बसून. तिथून त्यांना ती स्टिअरिंगच्या बरोबर मध्ये दिसली. चालकाच्या जागेवरून ती चांगली चार बोटं उजवीकडे होती. जन्मात स्टिअरिंग न धरलेल्या माणसाने शेजारी बसून मध्य ठरवला, आणि वाकडा ठरला माझा हात!

मिस्त्री कपाळावर हात मारून हसले. मला हसू आलं नाही. मी घरी फोन लावला आणि भाऊंनाच द्यायला सांगितलं.

"भाऊ, मूर्ती काढून दुसरीकडे बसवतेय."

पलीकडून लगेच, "देव कोनी सरकाडस का?"

"मी सरकवते," म्हटलं आणि फोन ठेवला. नमस्कार करून मूर्ती सोडवली आणि डॅशबोर्डच्या मध्यावर बसवली. मिस्त्रींनी स्टिअरिंग आता त्याच्या स्वतःच्या आडव्या दांडीवरून सरळ केलं, हलू नये म्हणून सीटला काठी टेकवली, आणि खाली जाऊन एक रॉड आत, दुसरा तेवढाच बाहेर फिरवला. चाकांना दोरी लावून ती एका रेषेत आहेत का पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावर गाडी आणि स्टिअरिंग, दोन्ही सरळ.

रविवारी भाऊंना मागे बसवून एरंडोलपर्यंत नेऊन आणलं. जाताना ते दारावरची मूठ घट्ट धरून होते, येताना झोपले. रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाले, "मिस्त्री भलता हुशार शे."

असेल. सोमवारी सकाळची धुळ्याची बस माझ्याशिवाय गेली.