वासण्याचं दुखणं

माणसाची तब्येत नाडीवरून नव्हे, पत्त्यावरून ओळखणारा जगात एकच गृहस्थ आहे आणि तो माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. रिफायनरीतून निवृत्त झाले तरी ते तिथल्याच कामगारवस्तीत, बाजव्यातच राहतात. ओळखीचं कोणी आजारी पडलं की खांद्याला पिशवी अडकवून समाचाराला हजर. तिथे रोग्याशी बोलण्याआधी गॅलरीत जाऊन वस्ती न्याहाळणार, मग निदान. "वासण्याचा सुखवस्तू माणूस मरतोय म्हणाला तर सर्दी समजायची. प्रतापनगरचा ठीक म्हणाला तर ताप बघायचा. आणि बाजव्याचा जरा बरं नाही म्हणाला, तर आधी रिक्षा बोलवायची!" प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातला एक फिटर सुजल्या पायाने सायकल मारत "मजामां, काका", म्हणजे मजेत आहे, असं गुजरातीत सांगून निघाला होता. यांनी हँडल धरून त्याला भर रस्त्यात उतरवला. पाय मोडलेला निघाला!

मी टाइल्सचा व्यापारी. तोंडाने सांगितलेला भाव खरा नसतो हे मला कोणी शिकवायला नको, त्यामुळे त्यांचा हिशेब मला पटायचा. माझा राग वेगळाच आहे. मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलो, घासाघीस करत करत वासण्याला फ्लॅट घेतला, आणि त्या दिवसापासून माझ्या दुखण्याचा भाव कोसळला.

"वेवाई, गुडघ्याने उठवत नाही हो," मी कळवळून सांगितलं. आम्ही व्याही एकमेकांना इथल्या गुजराती रिवाजाने वेवाईच म्हणतो.

"लिफ्ट आहे ना? मग गुडघा आळसावलाय."

"अहो, मी मूळचा प्रतापनगरचा!"

"मूळ कोण विचारतो? सध्याचा पत्ता बोला."

मी आठवडाभर अबोला धरला. शेवटी एका सकाळी चांगलं खडसावायचं म्हणून दुकान उघडता उघडता फोन लावला. "काय वेवाई, कसं काय?" नेहमीचं "मजामां" आलं की तोफ डागायची, असं ठरवलं होतं. तिकडून बारीक आवाज आला, "जरा बरं नाही."

शटर अर्धवट सोडून मी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, पण वेळेवर आणलंत, धोका टळला. वेवाई खाटेवरून कुजबुजले, "हे डॉक्टर राहतात कुठे, ते विचारा आधी."

आता ते हिंडतात-फिरतात. परवा त्यांनी फोनवर माझी तब्येत विचारली. त्यांना उगाच दगदग नको, म्हणून मी ठणकावून सांगितलं, "एकदम मजामां!" तासाभरात दारात हजर, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

"वासण्याचा माणूस मजामां म्हणतो म्हणजे काय? बसा. पाय पुढे करा."

मी निमूटपणे पाय पुढे केला. गुडघा खरंच ठणकत होता. ते तो हलक्या हाताने चेपत राहिले. त्यांची धाप मात्र अजून शमली नव्हती.

"आणि तुमचं कसं आहे, वेवाई?"

"आपलं काय, मजामां."

त्यांना बाजव्याला सोडायला मी गाडीची किल्ली तेवढी खिशात टाकली.