शिगोशीग माप

ऑर्व्हिल टेस्के नेब्रास्कातल्या आमच्या विद्यापीठाच्या डुक्करपालन केंद्रात तीस वर्षं कामाला आहे. तिथे तीन विद्यापीठांनी मिळून एक प्रयोग काढला: गाभण डुकरिणींना कमी खायला दिलं, तर पिल्लं घटतात का? दोन वर्षांनी इतर दोन ठिकाणी पिल्लं घटलेली दिसली, आमच्याकडे नाही. माझी जुनी विद्यार्थिनी जनेल त्यावरच प्रबंध लिहीत होती.

"बाकीचे विचारतायत, तुम्ही डुकरिणींना गाणी म्हणून दाखवता का?" तिने हसत ऑर्व्हिलला विचारलं.

ऑर्व्हिलने टोपी काढली. "गाणी कसली. सकाळी त्या माझ्याकडे बघत राहायच्या. मग सपाट भरायचं माप मी शिगोशीग भरायचो."

"रोज?"

"रोज."

आमचे सगळे आकडे बाद झाले. शोधनिबंध दोनच विद्यापीठांच्या नावावर निघाला, आणि जनेल प्रबंध सोडून ओमाहा शहरात नोकरीला लागली. ऑर्व्हिलला मात्र कुणी एका शब्दाने बोललं नाही.

पुढच्या प्रयोगाआधी तो माझ्याकडे आला आणि माझी वर्गातली लाकडी पट्टी मागून घेऊन गेला. आता प्रत्येक माप तो त्या पट्टीने सपाट करतो, आणि तोंड दुसरीकडे वळवून ओततो.